ऐतिहासिक मालिका व तिचा प्रेक्षक : खानदेशच्या बाजूनें कांहीं विचार

मराठी राज्याच्या संस्थापकांचीं व धुरीणांचीं चरित्रें दूरचित्रवाणीवर मालिकारूपानें दाखविण्याचा प्रघात आतां चांगलाच रूढ झाला आहे. दूरदर्शनवर इ. स. १९८७ मध्यें थोरल्या माधवराव पेशव्यांवरील 'स्वामी' ही मालिका झाली, इ. स. २००८ मध्यें 'राजा शिवछत्रपती' सुरू झाली, आणि इ. स. २०१७ पासून २०२० पर्यंत 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालली. या मालिकांतील वेष, भाषा, शस्त्रें व स्थळें यांतील चुका दाखविणें हें संशोधकाचें काम आहेच. परंतु मालिका पाहून प्रेक्षक जें बोलतो त्याचीही नोंद ठेविली पाहिजे, असें आपल्यापैकीं फार थोड्यांस वाटतें. आमच्या मतें प्रेक्षकाचा अभिप्राय हाही एक कागदच आहे. तो सतराव्या शतकाचा पुरावा नव्हे. पण सतरावें शतक आज लोकांच्या मनांत कोणत्या रूपानें नांदत आहे, याचा तो अस्सल पुरावा होय. तो कसा वाचावा, हें जामनेर व त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढें ठेवून सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रेक्षकांचे अभिप्राय स्थूलमानानें तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार मुद्रेविषयींचा, दुसरा कुळाविषयींचा व तिसरा स्थळाविषयींचा.

मुद्रेविषयीं बोलतांना प्रेक्षक 'महाराज असेच असतील' किंवा 'महाराज असे नव्हते' असा निकाल तत्काळ देतो. हा निकाल तो कशाच्या आधारें देतो? कै. वा. सी. बेंद्रे यांनीं इ. स. १९३३ मध्यें शिवछत्रपतींचें अस्सल चित्र पुढें आणीपर्यंत भलत्याच एका माणसाचें चित्र महाराजांचें म्हणून चालत होतें, व तें पाहून मोठी झालेली पिढी त्यासच महाराज समजत होती. आज ती जागा नटाच्या मुद्रेनें घेतली आहे. 'राजा शिवछत्रपतीं'त शिवाजी महाराजांची व 'स्वराज्यरक्षक संभाजीं'त संभाजी महाराजांची भूमिका एकाच नटानें, म्हणजे श्री. अमोल कोल्हे यांनीं केली. दुसरी मालिका चालू असतांनाच, इ. स. २०१९ मध्यें, ते शिरूर मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले. त्या भूमिकांच्या लोकप्रियतेचा त्यांत कांहींच वांटा नव्हता, असें म्हणावयास कोणी धजणार नाहीं. प्रेक्षकाच्या मनांत मुद्रा व मनुष्य हीं किती एकरूप होतात, याचें हें ठळक उदाहरण होय.

दुसरा प्रकार कुळाविषयींचा. संभाजी महाराज इ. स. १६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं संगमेश्वरीं पकडले गेले. ते फितुरीमुळें पकडले गेले व फितूर गणोजी शिर्के यांनीं केला, ही कथा कादंबऱ्यांतून व पडद्यावरून घरोघर गेली आहे. त्याच विषयावरील 'छावा' हा चित्रपट इ. स. २०२५ च्या फेब्रुवारींत निघाला, तेव्हां शिर्के घराण्याच्या वंशजांनीं त्यावर हरकत घेतली व दिग्दर्शकास दिलगिरी व्यक्त करावी लागली. येथें संशोधकानें वंशजांस 'तुम्हांस इतिहास कळत नाहीं' असें म्हणून वाटेस लावणें हा न्याय नव्हे. जेधे शकावलींत शके १६१० मध्यें शिर्के व कविकलश यांच्या कलहाची नोंद आहे, ही गोष्ट खरी. परंतु कलह निराळा व फितुरी निराळी. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खातीं जमा करतां येत नाहीं. वंशजांची हरकत ही मनाच्या दुखण्यांतून आलेली असली, तरी तिनें एक रास्त प्रश्न उभा केला आहे : अमुक गोष्ट कोणत्या कागदांत आहे, व तो कागद घटनेनंतर किती वर्षांनीं लिहिला गेला?

हाच प्रश्न संभाजी महाराजांच्या एकंदर चरित्रास लाविला म्हणजे प्रेक्षकाच्या मनांतील थर उलगडूं लागतात. त्यांचें व्यसनी व उच्छृंखल असें जें चित्र दीर्घकाळ चाललें, तें मुख्यतः मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीवरून. ही बखर महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारें १२० वर्षांनीं झाली, आणि बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांस संभाजी महाराजांनीं इ. स. १६८१ मध्यें देहांत शासन केलें होतें. बखरीवरून तें चित्र नाटकांत उतरलें. इ. स. १९६० मध्यें बेंद्रे यांचें चरित्र व इ. स. १९७१ मध्यें डॉ. कमल गोखले यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि अस्सल कागदांच्या बळावर तें पालटलें. त्यानंतर इ. स. १९७९ मध्यें शिवाजी सावंत यांची 'छावा' ही कादंबरी आली, व पुढें मालिका आली. आजचा प्रेक्षक 'आतां खरा इतिहास दाखविला' असें म्हणतो, तेव्हां तो मालिकेची तुलना शकावलीशीं किंवा दानपत्राशीं करीत नसतो. आजोबांनीं पाहिलेल्या नाटकाशीं अथवा स्वतः वाचलेल्या कादंबरीशीं करीत असतो. म्हणून अभिप्राय टिपून घेणारानें 'हें तुम्हीं प्रथम कोठें ऐकलें?' एवढा एकच प्रश्न जोडून विचारावा. उत्तरावरून तो अभिप्राय कोणत्या थरांतला आहे, तें बहुधा कळून येतें.

तिसरा प्रकार स्थळाविषयींचा, आणि खानदेशास तोच सर्वांत जवळचा आहे. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक इ. स. १६८१ च्या जानेवारीच्या १६ तारखेस झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मराठी फौजा बुऱ्हाणपुरावर येऊन पडल्या. बुऱ्हाणपूर हें मोंगलांच्या खानदेश सुभ्याचें मुख्य ठाणें. त्याच्या लगतचें बहादूरपुरा हें संपन्न पेठेचें ठिकाण लुटलें गेलें. ही स्वारी पडद्यावर येते तेव्हां टाळी वाजविणारा प्रेक्षक सहजच मराठी फौजेच्या बाजूस उभा असतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु तो प्रेक्षक जामनेरचा, बोदवडचा किंवा चोपड्याचा असला, तर त्यानें आणखी एक प्रश्न मनाशीं करावयास पाहिजे : त्या दिवशीं आमचें गांव कोणत्या बाजूस होतें?

खाफीखान या स्वारीची हकीकत देतो, ती या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. बातमी येतांच खानजहान बहादूर औरंगाबादेहून (आजचें छत्रपती संभाजीनगर) तांतडीनें निघाला व चार-पांच दिवसांची मजल एका अहोरात्रांत करून फर्दापूरच्या घाटास पोंचला. फर्दापूर अजिंठ्याच्या घाटाखालीं, जामनेरच्या दक्षिणेस आहे. तेथें घाट उतरण्यांत व विसाव्यांत त्याचे कांहीं प्रहर गेले. पुढें त्यानें धरणगांव व चोपडें या बाजूस जाऊन मराठ्यांची परतीची वाट अडवावयाची. तें न करितां तो उजव्या हातास एदलाबादेकडे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरकडे वळला. मराठे लूट घेऊन चोपड्याच्या वाटेनें साल्हेरीकडे निघून गेले. नकाशा पुढें ठेविला असतां फर्दापुराहून एदलाबादेकडे जाणारी सरळ रेषा आजच्या जामनेर तालुक्यावरूनच जाते. तेव्हां त्या स्वारींत या तालुक्यानें कोणाच्या घोड्यांचे टाप ऐकिले असतील तर ते मराठ्यांच्या नव्हेत, मोंगलांच्या घोड्यांचे, असेंच अनुमान निघतें.

खाफीखान पुढें दोन गोष्टी सांगतो. खानजहानानें संभाजीकडून द्रव्य घेऊन मुद्दाम वाट चुकविली, असें त्याचें वाईट चिंतणारे लोक बोलत होते, ही एक. बुऱ्हाणपूरच्या प्रतिष्ठित व विद्वान लोकांनीं बादशहास अर्ज केला, कीं आमची मालमत्ता व अब्रू गेली, यापुढें शुक्रवारची नमाज बंद पडेल, ही दुसरी. पहिली गोष्ट त्यानें लोकवार्ता म्हणूनच नोंदविली आहे; ती खरी असल्याचा निर्वाळा दिलेला नाहीं. लोकांचें बोलणें लोकांचें म्हणून टिपण्याची ही रीत आम्हांस अनुकरणीय वाटते. दुसरी गोष्ट खानदेशच्या प्रेक्षकानें विसरूं नये अशी आहे. बुऱ्हाणपूरच्या आधीं, इ. स. १६७९ मध्यें, धरणगांव व चोपडें येथेंही मराठ्यांची लूट झाली होती, आणि इ. स. १६७० च्या स्वारीनंतर खानदेशांतील गांवकामगारांकडून चौथाईचे लेख घेण्यांत आले होते. मोंगलांचा वसूल तुटावा, हा या स्वाऱ्यांमागील राजकारणाचा भाग. पण तो वसूल देणारी रयत आजच्या खानदेशी प्रेक्षकाच्याच पूर्वजांची होती. आज स्वराज्याचा अभिमान बाळगणें व त्या वेळीं आपल्या पेठेनें सोसलेलें दुःख ध्यानांत ठेवणें, या दोहोंत विरोध नाहीं. मालिका पहिलें काम करिते. दुसरें काम आपलें आहे.

तें न झाल्यास काय होतें, हेंही दिसून आलें आहे. 'छावा' चित्रपटाच्या आरंभीं बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग आहे. इ. स. २०२५ च्या मार्चमध्यें असीरगडाच्या पायथ्याशीं मोंगली मोहरा सांपडतात अशी आवई उठली, आणि शेंकडों लोक रात्रीं दिवट्या व धातुशोधक यंत्रें घेऊन शेतें खणूं लागले. जुन्या वस्तूचें मोल ती कोठें, किती खोलीवर व कशाच्या संगतींत मिळाली यांत असतें. तें अशा खोदाईनें कायमचें नाहींसें होतें. शिवाय इ. स. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास तो कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे. हस्तलिखितें व नाणीं जमविणाऱ्या आमच्या वाचकांनीं अशा ठिकाणचीं नाणीं विकत घेऊं नयेत, एवढें येथें स्पष्ट लिहितों.

मालिका पाहून कोणी घरचें दप्तर उघडतो, ही मात्र आपल्या लाभाची गोष्ट होय. असा गृहस्थ रुमाल घेऊन आला व 'हा शिवाजी महाराजांच्या वेळचा कागद' असें म्हणाला, तर त्याचा उत्साह मोडूं नये. परंतु एक गोष्ट त्यास समजावून सांगावी. जामनेराकडील मुलूख शिवकालांत मोंगली अमलांत होता. खानदेशावर पेशव्यांचा अंमल कायम झाला तो इ. स. १७५२ च्या भालकीच्या तहानें. तेव्हां या बाजूचा सतराव्या शतकांतील अस्सल कागद बहुधा मोंगली अंमलदाराच्या शिक्क्याचा व फार्सी मजकुराचा निघेल. छत्रपतींची मुद्रा त्यावर असल्यास आधीं संशय घ्यावा. आणि फार्सी निघाला म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाहीं. उलट त्या काळच्या आपल्या गांवाची साक्ष त्यांतच मिळावयाची. रुमालांतील कागदांचा क्रम बदलूं नये, कागदांस चिकटपट्टी लावूं नये, आणि दप्तर कोणत्या गांवच्या कोणत्या वतनाचें हें प्रथम टिपून घ्यावें. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे. मोडी व फार्सी वाचनाची अडचण पडल्यास तेथें विचारावें.

जामनेर, पहूर, शेंदुर्णी, तोंडापूर व फर्दापूर या पट्ट्यांतील जाणत्या मंडळींस आमची विनंती आहे, कीं अशा मालिकेचे भाग चालू असतांना गांवांत जें बोललें जाईल त्याचें टिपण गांवाचें नांव व तारीख घालून ठेवावें, व मोंगली वाटेविषयीं, सराईविषयीं किंवा लुटीविषयीं वडिलांकडून ऐकलेली एखादी गोष्ट निघाल्यास तीही सांगणाराच्याच शब्दांत लिहून घ्यावी. शेजारीं अस्सल कागद मिळाला तर त्याची नक्कल करावी, न मिळाला तर टिपण तसेंच राहूं द्यावें. दोहोंची गांठ पुढील संशोधक घालील.