भिंतीवरची गोधडी

पेनगंगेच्या दोन्ही काठांवर गोधडी ठाऊक नाही असे मराठी घर सापडणे कठीण. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले. मुधोळ-भैंसा हा भाग नांदेड जिल्ह्यातून निघून आंध्र प्रदेशात आला. सरहद्द हलली, तरी दोहोंकडच्या घरांत गोधडी शिवली जातच राहिली. आपली तेलुगू शेजारीण तिला 'बोंत' म्हणते, एवढेच.

आता गिरणीची ब्लँकेटे स्वस्त झाली आहेत आणि आईची लुगडी बोहारणीच्या टोपलीत जाऊ लागली आहेत. पांघरावयास गोधडी नको असेल, तर निदान त्या लुगड्याची एक लहान गोधडी करून भिंतीवर लावावी, असे आम्ही सुचवितो. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. अंथरुणावरच्या गोधडीचा भार बिछाना घेतो. भिंतीवर तो सारा वरच्या कडेवर येतो. म्हणून येथे नक्षीइतकेच महत्त्व शेवटच्या शिवणीला आहे.

२४ इंच रुंद व ३६ इंच लांब असे माप धरू. लुगडे प्रथम उजेडासमोर धरून पाहावे. काठ व पदर दर्शनी बाजूस घ्यावे, मधले धड कापड आतल्या दोन थरांना वापरावे, विरलेला भाग सोडून द्यावा. पाठीला नवा मांजरपाट हवा. तो आधी धुऊन घ्यावा, म्हणजे मागाहून आटणार नाही. लाल किंवा गडद कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो की काय, हे पाहावे.

सर्व थर चारी बाजूंनी २ इंच जादा कापावे, कारण टाके घालताना कापड आखडते. थर एकावर एक पसरून मध्यापासून कडांकडे, ४-४ इंचांवर कच्चे टाके घालावे. मग धावदोरा. गोधडी कडेकडून आत शिवत जाण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. तीत उरलेला झोळ मध्यभागी जमतो. अंथरुणावर तो दिसत नाही, भिंतीवर मात्र पोटासारखा फुगतो. यासाठी येथे मध्यापासून बाहेर यावे. ओळींत अर्ध्या ते एक इंचाचे अंतर असावे, प्रत्येक टाक्यात सर्व थर यावे, आणि दोरा ओढून घट्ट करू नये.

टाके संपल्यावर कच्चा दोरा काढून कडा मापात कापाव्या. दोन्ही कर्ण सारखे भरले, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत असे समजावे. गोटासाठी अडीच इंच रुंद पट्ट्या जोडून १३० इंच लांबी करावी. पट्टी उभी दुमडून तिच्या उघड्या कडा दर्शनी बाजूच्या कडेशी जुळवाव्या, पाव इंचावर शिवावे, कोपऱ्यात तिरकी घडी घ्यावी आणि गोट मागे वळवून हाताने तुरपावा.

आता मुख्य काम म्हणजे नेफा. २४ इंच लांब व ९ इंच रुंद पट्टीची दोन्ही टोके १-१ इंच दुमडून शिवावी; मग लांबीत शिवून ४ इंचांची नळी करावी. ती पाठीवर, वरच्या गोटाच्या लगेच खाली, वरून व खालून हाताने तुरपावी. सुई मांजरपाट व आतला एक थर एवढेच धरील, पुढे दिसणार नाही, अशी घालावी. नेफ्याला थोडा सैलपणा ठेवावा, नाहीतर काठीचा फुगवटा पुढे दिसतो. साडेतेवीस इंचांची गुळगुळीत काठी घातली की तिची टोके गोधडीमागे झाकली जातात व दोन खिळ्यांवर नीट बसतात. भार मग सबंध रुंदीवर वाटला जातो. कोपऱ्यांना कड्या लावल्यास मध्य झुकतो आणि जुने कापड तेथेच फाटते.

गोधडी थेट उन्हात लावू नये, रंग उडतो. ओल धरणाऱ्या भिंतीवरही नको. पावसाळ्यात अधूनमधून उतरवून सावलीत वारा द्यावा.

शेवटी पाठीवर कापडाची एक लहान पट्टी शिवून तीवर लुगडे कोणाचे, गोधडी शिवली कोणी आणि साल कोणते, हे दोऱ्याने लिहावे. आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर गोधड्या शिवल्या, पण त्यांवर त्यांचे नाव क्वचितच आले. ही उणीव पुढच्या पिढीसाठी तरी आपण भरून काढू शकतो.