टनामागे ४०० रुपये

चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रात एक युनिट विजेसाठी साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. २०१० साली अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी देशभरच्या कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला. त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी राष्ट्रीय निधी उभा राहिला. ज्याचा धूर, त्याच्याकडूनच पर्यायाचा खर्च. ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. २०१६ मध्ये उपकर ४०० रुपयांवर गेला, म्हणजे युनिटमागे साधारण ३० पैसे. पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि राज्यांचा बुडणारा महसूल भरून देणं भाग पडलं. कोळशावरचे ४०० रुपये तसेच राहिले, पैसा मात्र नुकसानभरपाईकडे वळला. राज्यांची नड खरी होती. तरी सौर-पवन ऊर्जेच्या वाट्याचा पैसा असा हातचा जायला नको होता.