रिक्षा टांझानियात, ओव्हरटाइम वाळूजला!

टांझानियात रिक्षाला काय म्हणतात, ठाऊक आहे? ‘बजाजी’! आपल्याकडच्या कंपनीचं नाव तिथल्या स्वाहिली भाषेत गाडीचंच नाव होऊन बसलंय. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. आज या कंपनीच्या रिक्षा आणि मोटारसायकली सत्तरहून अधिक देशांत जातात.

‘आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणू नका, मैत्रिणींनो. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीची आयटीआय झालेली किती पोरं वाळूज, चाकणला आहेत, ते आपल्याच गल्लीत मोजून बघा. माझा भाचा वाळूजला एका लहान कारखान्यात लेथवर काम करतो. जून २०२३ मध्ये नायजेरियाच्या नायराचा भाव कोसळला. तिथे आपल्या गाड्या महागल्या, मागणी घटली. इकडे भाच्याचा ओव्हरटाइम बंद झाला आणि माझ्या बहिणीच्या घराचा स्लॅब वर्षभर लांबला. हे गणित मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून मी या विषयाची माहिती गोळा करू लागले. परदेशी बाजार लहरी असतो. श्रीलंकेने परकीय चलन वाचवण्यासाठी मार्च २०२० मध्ये वाहनांची आयात थांबवली, ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू केली. इजिप्तने २०२१ मध्ये रिक्षाच्या मुख्य सुट्या भागांची आयात बंद केली. म्हणून एकाच देशावर भिस्त ठेवायची नाही.

मग संधी कुठे आहे? दुरुस्तीच्या सुट्या भागांत! नवी गाडी एकदाच विकली जाते. ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, फिल्टर मात्र गाडी रस्त्यावर आहे तोवर लागतातच. असे भाग लहान कारखान्यांतही बनतात. गाडीतल्या वायरींची जुडगी बांधणं, म्हणजे वायरिंग हार्नेस, हे काम तर बऱ्याच ठिकाणी बायकाच करतात. तुमच्या घरचं वर्कशॉप असेल, तर आधी एखाद्या मोठ्या पुरवठादाराला माल द्या. त्याची कडक तपासणी हीच आपली शाळा. मात्र नामांकित कंपनीचं नाव किंवा खोकं वापरून माल विकायचा नाही. तो गुन्हा आहे.

कागदपत्रं कोणती?

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. जीएसटी नोंदणी लागते. आयात-निर्यात कोड विदेश व्यापार महासंचालनालयाकडून पॅनकार्डावर मिळतो, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती ऑनलाइन पडताळावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो. जीएसटीचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरलं की कर न भरता माल बाहेर पाठवता येतो. यासाठी एजंटला हजारो रुपये मोजायची गरज नाही. कॉलेजात शिकणारी आपली लेकसुद्धा हे अर्ज भरू शकते.

पैशाचं काय?

खरी मेख इथेच आहे. हळद मोंढ्यात नेली की पट्टी हातात पडेपर्यंत आपण जागचे हलत नाही. इथे तर गिऱ्हाईक समुद्रापार! म्हणून नव्या गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घ्या किंवा त्याच्या बँकेचं पतपत्र, म्हणजे एलसी, मागा. ते आपल्या बँकेला दाखवून खरं असल्याची खात्री करा. उधारीवर माल द्यावाच लागला, तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा उतरवा. गिऱ्हाईक बुडालं तरी नुकसानीचा मोठा भाग त्यातून भरून निघतो. आणि भाव सांगताना पॅकिंग, न्हावा शेवा बंदरापर्यंतचं भाडं, विमा हे सगळं धरूनच सांगा.

घरातले पुरुष लेथ चालवत असतील, तर हिशेबाची, कागदांची आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याची बाजू आपण का घेऊ नये? बचत गटाची वही चोख ठेवणाऱ्या बाईला हे अवघड नाही. नाव नोंदवताना मात्र भागीदार म्हणून स्वतःचंही नाव घाला बरं का!