अकरावी-बारावी : रचना, गुण आणि पुढची वाट

स्वरूप
दहावीनंतरची दोन वर्षे म्हणजे उच्च माध्यमिक टप्पा. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेल्या १०+२+३ आकृतिबंधातून तो आजच्या रूपात आला. महाराष्ट्रात या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ मध्ये झाली.

शिक्षणाचे ठिकाण
हे वर्ग शाळेला जोडून, पदवी महाविद्यालयाला जोडून किंवा स्वतंत्रपणे चालतात. नागपुरात रामदासपेठेतील सोमलवार हायस्कूल पहिल्या प्रकारातले. तेथे शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच संस्थेचे आहे. अशा संस्थेतून दहावी झालेल्यांसाठी अकरावीच्या काही जागा संस्थांतर्गत कोट्यात असतात.

प्रवेश
उरलेल्या बहुतेक जागा केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने भरतात. २०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली. अर्जाच्या पहिल्या भागात विद्यार्थ्याची माहिती आणि दहावीचे गुण, तर दुसऱ्या भागात महाविद्यालयांचा पसंतीक्रम असतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथेच प्रवेश घ्यावा लागत असल्याने हा क्रम विचारपूर्वक लावावा लागतो.

परीक्षा
अकरावीची परीक्षा महाविद्यालय घेते, बारावीची राज्य मंडळ. नागपूर विभागीय मंडळाकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे आहेत. भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ७० लेखी व ३० प्रात्यक्षिकाचे असतात. त्यामुळे प्रयोगवही तपासून सही घेणे हा विज्ञान शाखेचा ठरलेला परिपाठ आहे.

गुणांचा उपयोग
एकच गुणपत्रिका प्रत्येक वाटेवर वेगळे काम करते. कला आणि वाणिज्य पदवीच्या प्रवेशात गुणवत्ता यादी बहुधा बारावीच्याच गुणांवर लागते. पोलीस शिपाई भरतीसाठी बारावी उत्तीर्ण ही किमान अर्हता आहे. वैद्यकीय प्रवेश मात्र ‘नीट’वर आणि राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश मुख्यतः सीईटीवर ठरतो, तेथे बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते लागतात. खुल्या प्रवर्गासाठी ही पात्रता संबंधित विज्ञान विषयांत अनुक्रमे ५० व ४५ टक्के आहे.

मर्यादा
निवड एका परीक्षेवर आणि अध्यापन दुसऱ्या परीक्षेसाठी, या विसंगतीमुळे विज्ञानाचे विद्यार्थी महाविद्यालयाऐवजी शिकवणी वर्गाकडे वळतात. यावर उपाय म्हणून शासनाने २०१८ मध्ये नागपूरसह काही विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. मात्र त्यातून उपस्थितीची नोंद होते, विसंगती मिटत नाही. अकरावीचीही तीच स्थिती आहे. तिचे गुण बारावीच्या निकालात धरले जात नाहीत, म्हणून ते वर्ष दुर्लक्षित राहते. सीईटीत मात्र सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्याच अभ्यासक्रमावर असतात.