‘तुझें काय चुकलें?’

इ. स. १८८१ सालीं सुरत येथील विजयालक्ष्मी नामक ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें अपिलांत ती काळ्या पाण्याची झाली. तें निमित्त साधून कित्येकांनीं समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढिले. तेव्हां बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून, तेच दोष पुरुषांत नाहींत काय, असा रोकडा सवाल केला.

विधवाविवाह १८५६ च्या कायद्यानेंच वैध ठरला होता. परंतु घरांनीं तो मानिला नाहीं. गरोदर विधवेस गुप्तपणें बाळंत होतां यावें म्हणून फुले दांपत्यास १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या-प्रतिबंधक गृह काढावें लागलें.

आज घरगुती छळाविरुद्ध २००५ चा कायदा आहे. तथापि सासरचा मार खाऊन मुलगी परत आली, कीं आपला पहिला प्रश्न असतो, ‘तुझें काय चुकलें?’ आमच्या मतें ही संवय बालपणींच लागते. भावाचें ताट बहिणीनें उचलावयाचें, आणि त्यानें हात उगारला तर गप्पही तिनेंच बसावयाचें! आमच्या वाचकांनीं निदान एवढें करावें: मुलाचें ताट मुलास उचलूं द्यावें, आणि परत आलेल्या लेकीस आधीं घरांत घ्यावें.