जुन्या विजेरीला एलईडीचा बल्ब

जुन्या विजेरीत खरोखर कालबाह्य झालेली वस्तू एकच असते, करंगळीच्या नखाएवढा तिचा बल्ब. पितळी नळी, सरकता खटका, मागच्या झाकणातली स्प्रिंग हे सगळं आणखी एक पिढी वापरेल इतकं धड असतं. तरी एव्हरेडीच्या ‘जीवनसाथी’सारख्या विजेऱ्या घरोघरी मोडीत निघाल्या आणि त्यांच्या जागी चार्जिंगचे प्लॅस्टिकचे टॉर्च आले. त्यांच्या आतला सेल काही वर्षांत दमतो आणि बहुतेकदा बदलताही येत नाही. त्यापेक्षा जुन्या विजेरीत एलईडी बल्ब बसवणं कितीतरी शहाणपणाचं आहे. फक्त तो निवडताना थोडं विज्ञान ठाऊक हवं, कारण त्या विजेरीचा प्रत्येक भाग टंगस्टनच्या तारेचा स्वभाव ओळखून घडवलेला आहे.

दोन मोठ्या सेलच्या विजेरीत सुमारे 2.4 व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरचा बल्ब सर्रास असे. तो 1.2 वॅट वीज घेऊन जेमतेम 10 ल्युमेन प्रकाश देतो. बाकी बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत जाते. आजचा साधा पांढरा एलईडी एका वॅटमागे 80 ते 100 ल्युमेन सहज देतो. तारेचं आणखी एक दुखणं आहे. तिचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. सेल उतरून व्होल्टेज पाचव्या हिश्शाने घटलं, की उजेड निम्म्याच्याही खाली येतो. विजेरी तांबूस पडते ती याच वेळी आणि मग घरातलं कुणीतरी सेल उन्हात ठेवतं. उन्हाच्या उबेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते, विश्रांतीनेही सेल थोडा सावरतो. नवी ऊर्जा मात्र त्यात येत नाही. खरं तर तशा सेलमध्ये बरीच वीज शिल्लक असते. तार तापवायला तिचा जोर पुरत नाही, एवढंच.

ही उरलेली वीज वापरता येते, आणि माझ्या मते बल्ब बदलण्याचा सर्वांत मोठा लाभ तोच. पण त्यासाठी आधी एक अडचण ओलांडावी लागते.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. इंडियम-गॅलियम नायट्राइडच्या चिपमधून निळा प्रकाश निघतो, तिच्यावरचा फॉस्फरचा लेप त्यातल्या काही भागाचं पिवळ्यात रूपांतर करतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी 1962 मध्येच झाला होता; तेजस्वी निळ्यासाठी जगाला 1993 पर्यंत थांबावं लागलं. त्या कामाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा लालपेक्षा जास्त, म्हणून त्याला व्होल्टेजही जास्त लागतं, सुमारे 3 व्होल्ट. बंधाऱ्याच्या सांडव्यापर्यंत पाणी चढल्याशिवाय ते पलीकडे जात नाही, तसं या पातळीच्या बरंच खाली एलईडीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. दोन कोरे सेल मिळून 3 व्होल्ट देतात, पण खटका दाबला की ते त्याहून खाली उतरतात आणि वापराबरोबर उतरतच जातात.

म्हणून दोन सेलसाठीच्या चांगल्या एलईडी बल्बच्या बुडात व्होल्टेज वाढवणारं इवलंसं सर्किट असतं. त्यातला ट्रान्झिस्टर एका तारेच्या गुंडाळीतला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. प्रवाह तुटला की गुंडाळीच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा चढ्या व्होल्टेजने बाहेर पडते आणि एलईडी उजळतो. जुन्या बल्बने नाकारलेले सेल इथे आणखी बराच काळ कामाला येतात. तीन किंवा जास्त सेलच्या विजेरीत प्रश्न उलटा होतो. तिथे व्होल्टेज जास्त असतं आणि प्रवाहाला आवर घालणारं सर्किट लागतं. म्हणून बल्बच्या पाकिटावर तो किती व्होल्टसाठी, किती सेलसाठी आहे हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन सेलचा बल्ब चार सेलच्या विजेरीत जळू शकतो. आणि दुकानात जाताना जुना बल्ब खिशात असू द्या. आट्यांचा आणि कॉलरचा हे दोन्ही प्रकार प्रचलित आहेत, एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

बसवल्यावर उजेड पडला नाही तर लगेच बल्बला दोष देऊ नये. तारेला वीज कुठूनही आली तरी चालते, एलईडीला दिशा लागते. काही बल्ब दोन्ही बाजूंनी चालतात. जे चालत नाहीत, त्यांच्यासाठी सगळे सेल उलटे घालून एकदा पाहावं.

आता रिफ्लेक्टरकडे. अन्वस्ताच्या आकाराची ती चकचकीत वाटी आपल्या नाभीवरचा प्रकाश समांतर झोतात बदलते. जुन्या बल्बची तार बरोबर त्या नाभीवर असे आणि तिचा प्रकाश बाजूंनाही जाई, म्हणून वाटीच्या मोठ्या भागाला काम मिळे. एलईडी चपटा असतो. त्याचा बराचसा प्रकाश समोरच जातो आणि वाटीला न शिवता बाहेर पसरतो. एकूण उजेड कित्येक पट वाढूनही दूरचं झाड पूर्वीइतकं ठळक न दिसण्याचं कारण हे आहे. विजेरीचं डोकं पिळून फोकस बदलता येत असेल, तर सावकाश फिरवून पाहा. नाभीशी जुळलं की झोत सुधारतो.

पण हा पसरलेला उजेड दरवेळी तोट्याचा नसतो. आपल्याकडे अनेक भागांत शेतीपंपाची वीज आळीपाळीने रात्री येते, आणि शेतकरी अंधारात बांधावरून मोटार चालू करायला जातो. त्याला लांबच्या झोतापेक्षा पायांपुढची चार पावलं स्वच्छ दिसणं जास्त गरजेचं. घोणस, मण्यार, फुरसं तिथेच असतात. इथे रंगाचाही विचार करावा. स्वस्त, निळसर पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाशाचा वाटा कमी असतो, त्यामुळे तांबड्या-तपकिरी छटा फिक्या आणि एकसारख्या वाटतात. जांभ्या मातीच्या वाटेवर वावरणाऱ्याने मिळेल तर उबदार पांढऱ्या छटेचा बल्ब घ्यावा.

फार जास्त वॅटच्या मोहात पडू नका. तार आपली उष्णता किरणांवाटे पुढे फेकून देते. एलईडीची उष्णता त्याच्या बुडातून वाहून जावी लागते, आणि जुन्या विजेरीत तिला वाट अपुरी असते. अर्धा ते एक वॅट भरपूर झाला. बल्ब बसवण्याआधी खटक्याची व स्प्रिंगची काळवंडलेली टोकं बारीक पॉलिशपेपरने घासा. अर्धा अँपिअर प्रवाहाच्या वाटेत एका ओहमचा गंज आला, तरी अर्धा व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. आणि आकाराला बसतो म्हणून लिथियमचा 3.7 व्होल्टचा सेल या विजेरीत कधीही कोंबू नका.

एक काळजी मात्र नव्या बल्बने वाढवली आहे. तो सेल पार शोषून घेतो. साध्या सेलचं जस्ताचं कवच हाच त्याचा ऋण अग्र असतो. वीज देताना ते झिजतं, शेवटी त्याला भोकं पडतात आणि आतला क्षारयुक्त ओलावा पितळ खातो. उजेड मंदावला की सेल त्याच दिवशी काढा. विजेरी महिनोन्‌महिने फळीवर राहणार असेल, तर चांगले सेलसुद्धा काढून वेगळे ठेवा.