सात दिवसांची पर्णकुटी

पर्जन्यकाळ संपून शरद् ऋतु लागला म्हणजे आपल्याकडे घराबाहेर पडण्याचे प्रसंग एकामागून एक येऊं लागतात. दसऱ्यास सीमोल्लंघन, कोजागिरीस चांदण्यांतलें दूध आणि कार्तिकांत आंवळीच्या झाडाखालचें भोजन. चार महिने छपराखालीं कोंडलेलें मन या दिवसांत आपोआप आकाशाकडे धांव घेतें. परंतु आपले हे सर्व प्रसंग घटकाभराचे असतात. रात्र झाली कीं आपण घरीं परततों व दाराला कडी घालतों. पृथ्वीवर एक समाज मात्र असा आहे कीं, त्यास त्याच्या धर्मशास्त्रानें याच ऋतूंत सलग सात दिवस पक्कें घर सोडून पालवीच्या मंडपांत राहण्याची आज्ञा केली आहे, आणि दोन हजारांहून अधिक वर्षें तो ती पाळीत आला आहे. हा समाज ज्यू लोकांचा, आणि हा उत्सव 'सुक्कोथ', म्हणजेच मंडपांचा सण होय. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल मंडळींमुळें हा सण आपल्या शेजाराचाही आहे. म्हणून त्याची माहिती आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम तिथीचा विचार करूं. ज्यू लोकांचे महिने आपल्यासारखेच चांद्र असून, ऋतूंशीं मेळ राहावा म्हणून ते १९ वर्षांत ७ अधिक मास धरितात. त्यांच्या तिश्री महिन्याच्या १५ व्या दिवशीं, म्हणजे पौर्णिमेस, हा सण सुरू होतो. साहजिकच ती पौर्णिमा बहुधा आपली आश्विनी पौर्णिमा असते. २०२२, २०२४ व २०२५ या सालीं कोजागिरीच्याच रात्रीं त्यांच्या मंडपांत पहिला दिवा लागला. अधिक मासाच्या हिशेबांत फरक पडला कीं हा योग चुकतो. २०२३ सालीं आपल्याकडे अधिक श्रावण आल्यामुळें त्यांचा सण भाद्रपदी पौर्णिमेस पडला. एकाच चंद्राकडे पाहणारे दोन समाज एकमेकांस न विचारतां आपापलें पंचांग कसें जुळवितात, हें मुलांस समजावून सांगण्याजोगें आहे.

आतां मंडपाचे नियम पाहूं. आपल्या शुल्बसूत्रांत वेदीचीं मापें जितक्या काटेकोरपणें दिलीं आहेत, तितक्याच काटेकोरपणें त्यांच्या 'मिश्ना' ग्रंथांत या झोपडीचीं मापें सांगितलीं आहेत. हा ग्रंथ इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झाला. मंडपाची उंची वीस हातांहून अधिक नसावी व दहा मुठींहून कमी नसावी. छप्पर जमिनींतून उगवलेल्या, परंतु तोडून आणलेल्या पालवीचेंच पाहिजे. जिवंत झाडाखालीं किंवा घराच्या छताखालीं उभारलेला मंडप चालत नाहीं. आंत उन्हापेक्षां सांवली अधिक असावी, पण छप्पर असें विरळ ठेवावें कीं रात्रीं त्यांतून तारे दिसावेत. भिंतींविषयीं शास्त्र बरेंच उदार आहे. त्या कशाच्याही चालतात. मंडप गाड्यावर किंवा गलबतावर उभारला तरी चालतो. उंटाच्या पाठीवरचा मंडपही शास्त्रानें अग्राह्य मानिलेला नाहीं. पुढें तालमुदांतील पंडितांनीं तर हत्ती बांधून त्याचीच एक भिंत केल्यास ती ग्राह्य होईल काय, याचाही ऊहापोह केला आहे, आणि हत्ती नीट बांधलेला असल्यास ती ग्राह्य होय असा निर्णय दिला आहे. आपल्या मीमांसकांच्या चर्चा ज्यांनीं वाचल्या आहेत, त्यांस या वादाचें नवल न वाटतां उलट आपलेपणाच वाटेल.

हें सर्व कशासाठीं? त्यांचें शास्त्र म्हणतें कीं, मिसर देशाच्या दास्यांतून सुटलेले पूर्वज रानावनांत मंडपांत राहिले, त्याची आठवण पुढील पिढ्यांस राहावी. तालमुदांत यावर दोन मतें आढळतात. एका मतानें ते खरोखरीच काटक्यांचे मंडप होते, तर दुसऱ्या मतानें ईश्वरानें त्यांच्यावर धरलेलें मेघांचें छत्र हेंच त्या मंडपांचें स्वरूप. एक पक्ष दारिद्र्याची आठवण करून देतो व दुसरा ईश्वरी कृपेची. आमच्या अल्प मतीस वाटतें कीं, ज्यानें एक रात्र विरळ छपराखालीं काढली आहे, त्यास हीं दोन मतें परस्परविरोधी वाटणार नाहींत.

या स्मरणाची वेळही विचार करण्याजोगी आहे. पॅलेस्टाईन देशांत उन्हाळा कोरडा असतो व पाऊस शरद् ऋतूच्या अखेरीस सुरू होतो. हा सण येतो तेव्हां तेथें द्राक्षें उतरलेलीं असतात आणि धान्य घरांत आलेलें असतें. म्हणजे कोठार भरलें, हात मोकळे झाले, घर अधिकांत अधिक सुखाचें झालें, कीं त्याच क्षणीं शास्त्र गृहस्थास घराबाहेर काढतें. आपल्याकडे पाऊस संपल्याचा आनंद, तर त्यांच्याकडे पाऊस यावा ही आर्तता. सात दिवस संपल्यावर आठव्या दिवशीं ते पर्जन्यासाठीं प्रार्थना करितात. मात्र सणांतच जोराचा पाऊस आला तर मंडपांत भिजत बसण्याची सक्ती नाहीं. ताटांतलें अन्न बिघडूं लागलें कीं खुशाल घरांत जावें, असें मिश्ना सांगते. यावरून दिसतें कीं, हें व्रत देहदंडाचें नव्हे. तें आनंदाचें व्रत आहे आणि आनंद करणें हीच त्यांत आज्ञा आहे.

मंडपांत चार वनस्पती हातीं घेऊन प्रार्थना करण्याची चाल आहे. खजुरीचें एक मिटलेलें पान, हदस नांवाच्या सुगंधी झुडपाच्या तीन डहाळ्या व वाळुंजाच्या दोन डहाळ्या एकत्र बांधितात आणि त्यांच्यासह एक फळ धरितात. तें फळ म्हणजे आपलें म्हाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातीं जें मातुलिंग आहे, तेंच हें. वनस्पतिशास्त्रज्ञ याचें मूळ हिमालयाच्या पायथ्याच्या पूर्व प्रदेशांत मानितात. तेथून इराणमार्गें तें पश्चिमेस गेलें असावें. यरुशलेमजवळ रामत राहेल येथें एका प्राचीन राजबागेचे अवशेष सांपडले आहेत, आणि तेथील भिंतीच्या गिलाव्यांत या फळाच्या झाडाचे परागकण मिळाले आहेत. आपल्या रानांतलें फळ परक्या देशीं पूजेंत बसलें, हें पाहून कोणास संतोष होणार नाहीं?

या चार वनस्पतींवर त्यांच्या जुन्या टीकाकारांनीं एक सुंदर रूपक केलें आहे. म्हाळुंगास रस आहे व सुवासही आहे. तसे कांहीं लोक विद्वान् असून सदाचारीही असतात. खजुरीच्या फळास गोडी आहे पण वास नाहीं, हदसास वास आहे पण गोडी नाहीं, आणि वाळुंजास दोन्ही नाहीं. परंतु वाळुंज गळल्यास व्रत पूर्ण होत नाहीं. चौघांस एकत्र धरिलें तरच तें सफल होतें. आमच्या वाचकांपैकीं बहुतेक एकत्र कुटुंबांत वाढलेले आहेत, त्यांस या रूपकाचें मर्म सांगावयास नको. प्रत्येक घरांत एखादें म्हाळुंग असतें आणि एखादा वाळुंजही असतो. वाटणीची भाषा सुरू झाली कीं प्रथम वाळुंजाचाच हिशेब निघतो.

आपल्या परंपरेंत अरण्याचें महत्त्व कांहीं थोडें नाहीं. परंतु आपल्याकडे वानप्रस्थ हा आयुष्याच्या उत्तरार्धाचा आश्रम होय. ज्याचें घरांतलें कर्तव्य संपलें, त्यानें अरण्याची वाट धरावी, व ती बहुधा एकट्यानें किंवा पत्नीसह. सुक्कोथ सणांत मात्र सारें घरच बाहेर पडतें. आजोबा, सुना, पाळण्यांतलें मूल, पातेलीं आणि पंचपात्रें हीं सर्व मंडपांत येतात, आणि सात दिवसांनीं सर्व पुन्हां घरांत जातात. घर कायमचें सोडून देण्याचा हा पाठ नव्हे. घर आपल्या हातीं किती सैलपणें धरावें, एवढाच हा पाठ आहे. एक गोष्ट मात्र न लपवितां सांगितली पाहिजे. मंडपांत राहण्याची सक्ती शास्त्रानें स्त्रियांवर केलेली नाहीं, पण स्वयंपाक घरांत व पंगत अंगणांत असल्यावर ताटांच्या खेपा कोणास घालाव्या लागतात, हें आमच्या वाचक भगिनी न सांगतां ओळखतील.

आतां आमच्या मनांत जें चाळीस वर्षें राहिलें आहे, तें सांगतों. बेने इस्राएल लोक कोंकणांत केव्हां आले याविषयीं मतभेद आहेत. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यास फुटलेल्या गलबतांतून वांचलेलीं माणसें तीं आपले पूर्वज, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनीं तेलाचे घाणे चालविले, शनिवारीं घाणा बंद ठेविला, व 'शनवार तेली' हें नांव मिळविलें. भाषा मराठी आणि आडनांवें गांवावरून, किहीमकर, पेणकर, दिवेकर अशीं. १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. प्रायश्चित्ताच्या दिवसास ते 'दारफळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशीं ते घराचें दार लावून उपोषित राहत. या बंद दाराच्या दिवसानंतर पांचव्या दिवशीं बिनदाराचा मंडप येतो, ही योजना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

नोकरीच्या आरंभीं आम्ही अलिबागेकडील एका गांवीं शिक्षक होतों. वर्गांतील एका बेने इस्राएल विद्यार्थ्याच्या वडिलांनीं या सणांत आम्हांस संध्याकाळीं बोलाविलें. घराच्या परसांत माडाच्या झावळ्यांचा मंडप होता, त्यांत कंदील टांगलेला होता, आणि पाटांपैकीं एक पाट रिकामा होता. त्यांच्यांत अशी चाल आहे कीं, सात रात्रीं अब्राहामापासून दावीदापर्यंत सात पूर्वजांस आमंत्रण द्यावयाचें, व त्यांच्या नांवें जिवंत अतिथि जेवावयास बसवावयाचा. तो पाट आमच्यासाठीं होता. आमच्या घरीं वडीलधाऱ्यांचें सोवळें कडक होतें. आम्हीं पोटाची सबब सांगितली व मंडपाबाहेरच उभे राहिलों. त्या सुज्ञ गृहस्थानें खरें काय तें ओळखलें. घरांत जाऊन त्यानें एक न सोललेला नारळ आणिला व म्हणाला, "गुरुजी, निदान हें तरी घ्या. ह्याला आमचा हात लागला तरी चालतो ना तुम्हांला?" त्याच्या स्वरांत राग नव्हता. आम्हीं नारळ घेतला व घरीं आलों.

पुढील सुटींत आमची बदली झाली. कांहीं वर्षांनीं कळलें कीं तें कुटुंब इस्राएलला गेलें. १९४८ नंतर या समाजाचीं बहुतेक कुटुंबें अशींच गेलीं, आणि आज भारतांत कांहीं हजार माणसेंच उरलीं आहेत. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें ज्यू समाजास अल्पसंख्य दर्जा दिला, ही चांगली गोष्ट झाली. पण रिकामा राहिलेला पाट सरकारी ठरावानें भरत नाहीं. विरळ छपराची झोपडी उभारून त्यांनीं आम्हांस आंत बोलाविलें, आणि आम्ही आमच्या पक्क्या भिंती बरोबर घेऊन गेलों होतों.

आज इस्राएलांतील धार्मिक वस्त्यांतून इमारतींच्या गच्च्या मुद्दाम पुढेंमागें बांधितात, कीं प्रत्येक बिऱ्हाडाच्या मंडपावर मोकळें आकाश राहावें. आपल्या शहरांत तशी सोय नाहीं हें खरें. तरी येत्या कोजागिरीस एवढें करतां येईल. गच्चीवर किंवा अंगणांत झावळ्यांचा अथवा नुसत्या डहाळ्यांचा आडोसा करावा, विजेचे दिवे मालवावेत, आणि घरांतील सर्वांनीं, ज्यांच्याशीं बोलणें बंद आहे त्यांनींसुद्धां, एक रात्र तेथें काढावी. दूध आटविण्याचें काम त्या दिवशीं पुरुषांनीं करावें. आणि एक पाट जास्त मांडावा. त्यावर कोण बसेल हें आधीं ठरवूं नये. मात्र जो येईल त्यास जात न विचारतां दूध द्यावें, व आपणही त्याच्या शेजारीं बसून प्यावें. आमच्या घरीं गेलीं कांहीं वर्षें आम्ही असें करितों, आणि तो पाट मांडण्याचें काम आम्ही दुसऱ्या कोणास देत नाहीं.